पिसांचे देठ

"दाताळं ओढू नका," वैजयंता म्हणाली. "हलू नका."

मी होतो तसा उभा राहिलो. परसाच्या टोकाला, बांबूच्या बेटाखाली आम्ही पातेरा गोळा करत होतो. आमच्या डोंगरी मुलखात भाताचा तरवा टाकण्याआधी जमीन पालापाचोळ्याने भाजून घेतात. मार्चचे ऊन चढण्यापूर्वी काम उरकावे म्हणून दोघेही सकाळीच बाहेर पडलो होतो. माझ्या दाताळ्याने ओढलेल्या पानांतून एक तपकिरी रानकोंबडी अशी उसळली, की ती परसाचा दगडी गडगा ओलांडून दिसेनाशी झाल्यावरही तिच्या पंखांची फडफड माझ्या छातीत चालूच राहिली. ती उठली त्या जागी, मातीच्या उथळ खळग्यात, चार अंडी होती.

"आपण तिचं घर उसकटलं," वैजयंता म्हणाली.

"येईल ती परत."

"कशाच्या भरवशावर येईल? आडोसा सगळा तुमच्या दाताळ्यात आहे."

मी पाने पुन्हा त्या जागी लोटली. पण झाडाने टाकलेली पाने आणि माणसाने टाकलेली पाने यांत पाखरांना फरक कळत असावा. कोंबडी दोनदा गडग्यापर्यंत आली, मान उंचावून पाहिले आणि दोन्ही वेळा मागे फिरली. स्वयंपाकघराच्या मागल्या दारात बसून वैजयंता दिवसभर तिची वाट पाहत होती. चार वाजता ती उठली, अंडी पदरात घेतली आणि मला काही न विचारता शेजारच्या हौसाक्कांकडे निघाली. मी तिच्या मागे गेलो.

हौसाक्का एकट्या राहत. त्यांच्या पंधरा-वीस कोंबड्यांपैकी एखादी तरी कायम खुडूक होऊन अंड्यांसाठी अडून बसलेली असे. त्यांनी घमेल्यात कोमट पाणी घेतले, चारही अंडी त्यात अलगद सोडली आणि पाणी स्थिर होण्याची वाट पाहिली. काही क्षणांनी तीन अंडी पाण्यावर आपोआप डोलू लागली.

"तीन जित्ती हाईत," त्या म्हणाल्या. "ह्ये चौथं गप हाय. मास्तरावानी."

वैजयंता हसली.

"तुझ्या नवऱ्याच्या तोंडाला रोज लाखेचं सील कोण लावतंय ग?"

"ते स्वतःच लावतात, अक्का."

हौसाक्कांनी तिन्ही अंडी पुसून एका तांबड्या कोंबडीच्या पोटाखाली सरकवली. मग त्या वैजयंताकडे वळल्या. "एक सांगून ठेवतो बाई. रानाची हाईत. हिच्या पंखाखाली वाढतील, पर हिचं ऐकायची न्हाईत. पंखात बळ आलं की गेली. मग माझ्या दारात येऊन रडू नगंस."

"जाऊ देत की," वैजयंता म्हणाली. "जावीत म्हणूनच बसवतेय."

हे वाक्य मी ऐकले होते. माझ्यादेखत ते बोलले गेले होते, एवढे मी नक्की सांगू शकतो.

गावात मला मास्तर म्हणत ते टपालाचा मास्तर म्हणून. तांबेघोळचे टपाल आमच्या घराच्या सोप्यातच होते; वडिलांनंतर ते काम माझ्याकडे आले. दहाच्या गाडीने थैली येई. कात्रीने सुतळी कापायची, लाखेचे सील बाजूला ठेवायचे, प्रत्येक पत्राच्या पाठीवर त्या दिवसाचा शिक्का मारायचा आणि खांद्याला पिशवी लावून वाड्यावस्त्यांवर निघायचे. लग्नाआधीची चार वर्षे मी या घरात एकटा होतो. कित्येक दिवस असे गेले, की दिवसभरात मी उच्चारलेले शब्द म्हणजे केवळ इतरांची नावे असत. दारात उभे राहून मी नाव पुकारी, पत्र देई आणि पुढच्या दाराकडे वळे.

वैजयंता आली आणि घराला आवाज आला. तो तिच्या बांगड्यांचा आणि भांड्यांचा होताच, पण त्याहून अधिक तिच्या बोलण्याचा होता. मी बोलत नसे म्हणून ती परसाशी बोले. गडग्याच्या दगडांत राहणाऱ्या मुंगसाला तिने 'शेजारी' हे नाव ठेवले होते. "शेजारी आज उशिरा निघाले, घरात भांडण झालेलं दिसतंय," असे ती भाकरी थापताना सांगे. शेवग्यावर डुलत चालणारा भारद्वाज तिचा 'सरपंच' होता. मी जेवत असे, ती दारातून बाहेर पाहत असे, आणि परसातला प्रत्येक जीव तिच्या तोंडून माझ्यापर्यंत पोचत असे. जन्मापासून ज्या परसात वावरलो ते मला तिच्यामुळे दिसू लागले.

ती बारावी शास्त्र शिकलेली होती. लग्न ठरले म्हणून पुढचे राहून गेले होते. आमच्या खोऱ्यात नर्सबाई पंधरा दिवसांतून एकदा येत, पावसाळ्यात तेवढ्याही नाही. आपण नर्स व्हावे हे तिच्या मनात फार आधीपासून होते. त्या मे महिन्यात तिने जिल्ह्याच्या प्रशिक्षण केंद्राचा अर्ज आणला. दोन वर्षे वसतिगृहात राहावे लागणार होते. मी हो म्हणालो. इतकेच नव्हे, तर अर्ज मीच भरला.

"तुमच्या अक्षरात लिहा," ती म्हणाली होती. "अक्षर बघूनच घेतील मला."

माहितीपत्रकाच्या शेवटी छापले होते, की निवड झालेल्यांना टपालाने कळवले जाईल. त्यांनी सहा ऑगस्टपर्यंत हजर व्हावे, न झाल्यास जागा पुढच्या उमेदवाराला जाईल. ती ओळ मी तिला दोनदा वाचून दाखवली होती.

पिल्ले एप्रिलच्या सुरुवातीला निघाली. आठवडाभराने हौसाक्कांनी तांबडी कोंबडी पिल्लांसह आमच्या खुराड्यात आणून सोडली. तांबडी माती उकरून कुर्र कुर्र हाक मारी, पण तिची ही पोरे तिच्याकडे धावत नसत. ती हाकेच्या उलट दिशेला पानांखाली जाऊन बसत, आणि आपण पाऊल ठेवेपर्यंत तिथे काही आहे हे कळत नसे. दाणे टाकून आम्ही दार लावून घेतले, की मगच बाहेर येत. मे महिन्यात एक पिल्लू शिक्र्याने उचलले. दोन उरली. आषाढ लागला तेव्हा त्यांतल्या एकाच्या मानेवर ठिपक्यांची झालर फुटू लागली होती, म्हणजे तो नर होता. दुसरी मादी, आपल्या हरवलेल्या आईसारखीच तपकिरी. दिवसभर दोघे बांबूच्या बेटात असत आणि संध्याकाळी फणसाच्या फांदीवर झोपायला येत. ती फांदी रोज थोडी अधिक उंचावरची असे.

"आज सातव्या फांदीवर," वैजयंता सांगे. "माझ्या हिशोबानं या महिन्यात जातात बघा."

याच दिवसांत रोज दहा वाजता, थैली उघडण्याच्या वेळी, ती पदराला हात पुसत सोप्याच्या उंबऱ्याशी येऊन उभी राही.

"काही आलं?"

"नाही."

मी खरे सांगत होतो. पंचवीस जुलैपर्यंत.

त्या दिवशी बुधवार होता. थैलीत नऊ पत्रे होती. सवयीने सगळी पालथी घालून मी एकामागून एक शिक्के मारले आणि मग सुलटी केली. सहावे पाकीट खाकी, लांबट होते. त्यावर टंकलेखन केलेले होते: सौ. वैजयंता दिनकर पोवार. निवड न झालेल्यांना पत्र येत नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होते. पाकीट उघडण्याची गरज नव्हती. मागून तिचा आवाज येत होता. ती मुंगसाला दटावत होती, "शेजारी, खुराड्याकडे बघू नका, तुमचं आमचं बरं आहे तोवर बरं आहे." मी ते पाकीट हातात धरून तो आवाज ऐकत राहिलो. मग टेबलाचा खालचा खण ओढला आणि शाईच्या जुन्या गादीखाली पाकीट ठेवले.

ती उंबऱ्याशी आली. "काही आलं?"

"नाही," मी म्हणालो.

उद्या द्यायचे असे मी ठरवले होते. दुसऱ्या दिवशीही तसेच ठरवले. ते ठरवणे खोटे नव्हते, एवढेच की ते रोजचे झाले. महिना संपत आला तसे तिचे उंबऱ्याशी येणे उशिरा होऊ लागले, आणि एकतीस तारखेला ती आलीच नाही. मीच स्वयंपाकघरात जाऊन म्हणालो, "आज काही नाही."

"मी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. चुलीकडे तोंड करून ती भात वैरत होती.

त्या संध्याकाळी पाखरे फणसावर आली नाहीत. धुवाधार पाऊस होता. वैजयंता डोक्यावरून प्लास्टिकची खोळ घेऊन परसात उभी होती आणि बांबूकडे पाहत होती. मी दारातून हाक मारली, ती आली नाही. मी तिच्याजवळ गेलो. तिचा चेहरा ओला होता, पावसाने असेल.

"वाईट वाटतंय?" मी विचारले.

"वाटतंय," ती म्हणाली. "पण तसलं नाही."

कसले, हे मी विचारायला हवे होते. तो प्रश्न तोंडात तयार होता आणि त्याला वाट सापडली नाही. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक प्रश्नांचे तसेच झाले आहे.

दुसऱ्या दिवशी पाखरे भिजून परत आली. पाऊस वाढतच होता म्हणून तिने त्यांना दाण्याच्या मिषाने खुराड्यात घेतले आणि तांबडीबरोबर कोंडले. गुरुवारी उजाडताना ती पाण्याला गेली. मी सोप्यातून थैलीची कात्री घेतली, खुराड्यात हात घातला आणि एकेका पाखराला बाहेर काढले. एका बाजूची पिसे कापली की पाखराचा तोल जातो आणि ते उडत नाही; कुंपणावरून उडणाऱ्या कोंबड्यांना आमच्या गावात सगळे असेच करतात. यात रक्त येत नाही आणि दुखतही नाही. मी दोघांच्या डाव्या पंखाची मोठी पिसे कापली, पंख मिटून दिले आणि पाखरांना परत आत ठेवले. मिटलेल्या पंखावर काहीच दिसत नव्हते. पिसे मी टपालाच्या पिशवीत घातली आणि वाटेत ओढ्यात सोडून दिली.

मी हे तिच्यासाठी करतो आहे, असे मला वाटत होते. ते मला त्या ओढ्याच्या काठावरही वाटत होते.

"आज फणसावर चढली नाहीत," शुक्रवारी ती म्हणाली. "गडग्यापाशी बसलीत दोघं."

"भिजली असतील."

"काल उघडीप होती, म्हणून तर सोडली."

मी ताट पुढे ओढले.

रविवारी पाच तारीख होती. रविवारी थैली येत नाही. पावसाने उसंत घेतली होती, परसात वाफाळलेले ऊन पडले होते आणि आम्ही मागल्या दारात बसलो होतो; ती गवारीच्या शेंगा मोडत होती, मी तिच्याकडे न पाहता तिच्या हातांकडे पाहत होतो. उद्याचा दिवस संपला की पत्राचा प्रश्न मिटणार होता. तसा विचार माझ्या मनात होता.

मुंगूस गडग्यातून निघाले ते सरळ रेषेत. नेहमीसारखे थांबले नाही, मागच्या पायांवर उभे राहिले नाही. तांबडी ओरडली. दोन्ही पाखरांनी एकाच वेळी पंख उघडले आणि वर झेप घेतली, आणि दोन्ही एकाच बाजूला कलंडून खाली पडली. नर धडपडत सरपणाच्या ढिगात घुसला. मादीने पुन्हा झेप घेतली. हातभर उठली आणि गिरकी घेऊन मुंगसाच्या पुढ्यातच उतरली.

वैजयंता धावली तोवर मुंगूस मादीला मानेला धरून गडग्यात गेले होते. दगडांवर थोडी पिसे राहिली.

तिने शिव्या दिल्या नाहीत. गडग्याकडे तिने एकदा पाहिले आणि ती सरपणाकडे वळली. वाकून, लाकडे एकेक बाजूला करून तिने नराला काढले आणि छातीशी धरले. त्याच्या पायाला कुठे लागले आहे का पाहिले. मग उजवा पंख उघडून पाहिला. मग डावा.

कापलेली टोके एका सरळ रेषेत होती.

"हे कुणी केलं?" तिने विचारले.

मी सांडलेल्या शेंगा गोळा करू लागलो.

"अहो, मी विचारतेय."

"मी."

"कधी?"

"गुरुवारी. तू पाण्याला गेली होतीस."

"कशाला?"

"ती गेली असती तर तुला वाईट वाटलं असतं."

"मला?" ती म्हणाली. "मला वाईट वाटेल म्हणून?"

तांबडीच्या ओरडण्याने हौसाक्का कुंपणापाशी आल्या होत्या. त्यांनी हात लांब करून पंख उघडला, पाहिला आणि माझ्याकडे बघणे टाळले. त्यांना एवढे गंभीर मी कधी पाहिले नव्हते.

"परत कधी येतील पिसं?" वैजयंताने विचारले.

"कापल्याली येत न्हाईत बाई. देठ आत जित्ता ऱ्हातोय न्हवं, त्यो जागा सोडत न्हाई. फुडल्या वरसाला आपसूक झडतील तवा नवी येतील. तंवर ह्यो काय जगत न्हाई हितं."

"दुसरा उपाय?"

"देठ उपटायचं. एकेक, मुळापासनं. जागा रिकामी झाली की म्हैना-दीड म्हैन्यात नवं फुटतंय. पर लई दुखतं त्याला. सरळ वडायचं. वाकडं वडलंस तर रगात थांबायचं न्हाई." त्यांनी पंख मिटून दिला. "माझा हात आता कापतोय, न्हाईतर मी केलं असतं," असे म्हणून त्या घरात गेल्या.

वैजयंताने पाखरू माझ्या हातात दिले. "तुम्ही धरा. मी काढते."

मी मागल्या दाराच्या पायरीवर बसलो. तिने सांगितले तसे पाखराचे अंग मांडीवर दाबून धरले आणि डावा पंख पसरला. नऊ देठ होते. ती समोर बसली, पंखाचे हाड एका हाताच्या बोटांत घट्ट धरले, दुसऱ्या हाताने पहिला देठ पकडला आणि सरळ ओढला. पाखरू ओरडले नाही. त्याचे सारे अंग माझ्या हातात ताठ झाले, आणि मग त्याची छाती इतक्या वेगाने धडधडू लागली की ती कोणाची धडधड आहे हे मला कळेना. देठाच्या मुळाशी रक्ताचा एक थेंब होता. तिने तो पायरीवर ठेवला.

दुसरा. तिसरा. प्रत्येक वेळी ती थांबे, पाखराची छाती थोडी शांत होऊ देई आणि मग पुढचा धरी. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. ती एक शब्द बोलत नव्हती, आणि तिचे न बोलणे मी पहिल्यांदा ऐकत होतो.

चौथा. पाचवा.

"पत्र आलंय," मी म्हणालो.

तिची बोटे सहाव्या देठावर होती. ती तिथेच राहिली.

"तुझं. निवड झालीय तुझी. खालच्या खणात आहे, गादीखाली."

तिने बोटे काढून घेतली, पदराला पुसली आणि ती उठून आत गेली. मला उठता येत नव्हते. पाखरू हातात होते. मी पायरीवर बसून सोप्यातला आवाज ऐकत होतो. खण ओढल्याचा आवाज आला. मग ती परत आली आणि दारात उभी राहिली. पाकीट तिने अजून फोडले नव्हते. ते पालथे करून ती पाठीवरचा शिक्का वाचत होती.

"पंचवीस जुलै," ती म्हणाली. "शिक्का मात्र वेळेवर मारलात."

मी खाली पाहत होतो. पायरीवर पाच देठ ओळीने ठेवलेले होते.

"रोज विचारत होते मी."

"हो."

"अकरा दिवस मी असं धरून चालले होते की माझ्यातच काही कमी पडलं."

तिने पाकीट काळजीपूर्वक, कडेने फोडले. उभ्याउभ्या वाचले, पुन्हा घडी घातली.

"उद्यापर्यंत," ती म्हणाली.

"वैजू, मला एकट्याला—" मी सुरुवात केली. पुढचे शब्द होते. ते गेली कित्येक वर्षे होते. तिने क्षणभर वाट पाहिली. खरोखर पाहिली. ते आले नाहीत.

"उरलेले चार तुम्ही काढा," ती म्हणाली आणि बॅग काढायला आत गेली.

संध्याकाळी तिने नेहमीसारखा स्वयंपाक केला. आम्ही समोरासमोर बसून जेवलो. तिने भारद्वाजाविषयी काही सांगितले नाही, बाहेर पाहिलेही नाही. सकाळी मुक्कामाची गाडी सहाला सुटते. मी बॅग उचलून फाट्यापर्यंत गेलो. केंद्रापर्यंत सोडायला येऊ का, असे मी विचारले.

"दहाला थैली येईल ना," ती म्हणाली. "लोकांची पत्रं असतील."

ती खिडकीशी बसली. कंडक्टरने घंटी दिली तेव्हा तिने काच सरकवली. मला वाटले, आता ती जे बोलेल ते मी मान खाली घालून ऐकेन.

"वाकडं ओढू नका," ती म्हणाली.

गाडी खिंडीत वळेपर्यंत मी उभा होतो. घरी आलो, तिच्या जुन्या टॉवेलात पाखरू गुंडाळले, गुडघ्यांत धरले आणि पंख बाहेर काढला. धरायला कोणी नव्हते. सहावा देठ काढायला मला इतका वेळ लागला की दहाची गाडी येऊन गेली आणि कंडक्टर थैली सोप्यात टाकून हाक मारून गेला. सातवा, आठवा, नववा. प्रत्येक वेळी ते अंग ताठ होई आणि मी सरळ ओढी. रक्त थांबले. मी पाचांच्या शेजारी चार देठ ठेवले, हात धुतले आणि थैली उघडायला गेलो.

त्या दिवसांत मी परसाशी बोलायला लागलो. आधी मोठ्याने बोलायची लाज वाटे. नराला मी खुराड्याच्या जाळीआड ठेवले होते आणि सकाळ-संध्याकाळ पंख उघडून पाहत होतो. तिसऱ्या आठवड्यात रिकाम्या जागांतून निळसर, टोकदार कोंब दिसू लागले, निबांसारखे. ते लांबत गेले, त्यांची साल सुटत गेली आणि आतून पिसे उलगडली. मुंगूस रोज गडग्यावर येऊन बसे. त्याला शेजारी म्हणणे मला जमले नाही, पण मी त्याला दगडही मारला नाही.

सप्टेंबरच्या मध्यावर एका सकाळी मी जाळी उघडली. तो बाहेर आला, पाच-सहा पावले चालला आणि एकदम उठला. तो कलंडला नाही. फणसाच्या मधल्या फांदीवर बसला, अंग झाडले आणि तिथून एका रेषेत बांबूच्या बेटावरून रानात गेला. तांबडीने कुर्र कुर्र अशी एक हाक मारली आणि ती पुन्हा माती उकरू लागली. त्या संध्याकाळी मी खोळ घेऊन परसात उभा राहिलो. तेव्हा मला कळले, की वैजयंता म्हणाली होती ते 'तसले नाही' म्हणजे कसले.

आज त्याला नऊ वर्षे झाली. वैजयंता आमच्याच खोऱ्यातल्या उपकेंद्रावर नर्स आहे. पावसाळ्यातही ती ओढे ओलांडून वाड्यांवर जाते. त्या अकरा दिवसांविषयी तिने मला नंतर कधी विचारले नाही. या नऊ वर्षांत एकदाही नाही. दहा वाजता ती घरी असली, तरी सोप्याच्या उंबऱ्याशी येत नाही.

तिचे पहिले पत्र पाखरू गेल्यानंतर दोन दिवसांनी आले. त्याआधीच्या सहा आठवड्यांत एक ओळही आली नव्हती. थैलीत तळाशी एक पोस्टकार्ड होते, माझ्या नावाचे. मी त्यावर शिक्का मारला. मग सगळ्या वाड्यांची पत्रे पोचवून आलो, सोप्याच्या पायरीवर बसलो आणि कार्ड उलटले. खुशाली नव्हती, तक्रार नव्हती. मधोमध एकच ओळ होती.

"पिसं आली का?"

परतीची थैली बांधून तयार होती. तिच्या सुतळीवर मी सकाळीच लाखेचे सील बसवले होते आणि मुक्कामाच्या गाडीला ती द्यायची होती. मी नवे कार्ड घेतले. तिला आवडणाऱ्या त्या अक्षरात लिहिले: "आली. परवा सकाळी गेला. मी जाळी उघडी ठेवली होती." त्यावर त्या दिवसाचा शिक्का मारला.

मग कात्री घेतली, थैलीचे सील फोडले आणि कार्ड आत टाकले.